गणिताच्या पेपरचा आदला दिवस

मार्च लागला की नागपुरात सकाळ आणि दुपार ही दोन वेगळ्या गावांची वाटतात. सात वाजता दूध आणायला जाताना अंगावर ओढणी घट्ट घ्यावीशी वाटते, आणि अकरा वाजता डांबराकडे बघवत नाही. कडुलिंब पानं गाळतो आणि त्याच आठवड्यात तांबूस नवी पानं नेसतो. घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. नव्या खसाचा ओला वास जिन्यात येऊ लागतो, आणि आमच्या मनीषनगरच्या गल्लीत अचानक शांतता पसरते. क्रिकेट बंद, गाणी बंद. दर तिसऱ्या घरात कोणाची तरी दहावी किंवा बारावी असते.

मी शाळेत मराठी शिकवते. परीक्षेच्या दिवसांत वर्गावर पर्यवेक्षक म्हणून उभी राहते. पहिली घंटा झाल्यावर तीस मुलं एकदम पेपर उलटतात तेव्हा जो आवाज होतो, तो मला आवडतो. मराठीच्या, इतिहासाच्या पेपरला मी निवांत असते. गणिताच्या दिवशी मात्र मी ड्युटी बदलून मागते. सहकारी हसतात. "मॅडमना अजून गणिताची भीती वाटते," म्हणतात. मीही हसते.

भीती गणिताची नाही. गणितात मला दीडशेपैकी एकशे अडतीस मिळाले होते.

तेव्हा आम्ही कोराडीला राहायचो. बाबा वीज केंद्रात होते, कोळशाच्या पट्ट्यांवर. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे हातभर अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. पाळी बदलली की भोंगा वाजायचा. त्या भोंग्यावर कॉलनीतल्या बायका भात टाकायच्या. हवेत राख असायची. फार नाही, पण तारेवरचे कपडे काढताना झटकावे लागत. पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत पांढरा राहत नसे. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. दुसऱ्या गावच्या लोकांना धूळ असते, आम्हाला राख होती, एवढंच.

मी दहावीत गेले त्या वर्षी, पावसाळ्याच्या शेवटी, आईला मुलगी झाली. सातव्या महिन्यातच झाली. ती घरी आलीच नाही. अकरा दिवस दवाखान्यातल्या पेटीत होती, बाराव्या दिवशी आई-बाबा रिकाम्या हातांनी घरी आले. मी आणि नितू, माझा आठ वर्षांचा भाऊ, फाटकाशी उभे होतो. आईनं आमच्याकडे पाहिलं, आत गेली आणि पदर खोचून भांडी घासायला बसली. भांडी घासलेलीच होती.

तेव्हापासून तिचं धुणं सुरू झालं. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. घरात बाई आहे, धुणारच. पण ती तारेवरचे वाळलेले कपडे काढून परत बादलीत टाकू लागली. चादरी दिवसातून दोनदा. नितूचे बूट. देवाच्या तसबिरी. "राख बसून राहिली," म्हणायची. "पाय, कशी बसून राहिली." आम्ही पाहायचो, तर कधी राख असायची, कधी नसायची. बाळ गेलं त्याचा राखेशी काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी बाबांना तसं समजावून सांगितलं होतं, बाबांनी आईला सांगितलं होतं. तिनं मान हलवली आणि उशीचा अभ्रा काढून घेतला.

जानेवारीतल्या एका दुपारी मी शाळेतून आले तेव्हा अंगणातल्या तारेवर माझ्या वह्या वाळत घातलेल्या होत्या.

मी ते आजही डोळे उघडे ठेवून पाहू शकते. कपड्यांसारखे चिमटे लावले होते. बीजगणिताची वही, भूमितीची वही, विज्ञानाची. मधोमध उघडून तारेवर टाकलेल्या. शाई वाहून खाली फरशीवर निळे थेंब पडत होते. नळाशी आई बसली होती. बादलीत फेस होता, आणि तिच्या हातात माझं भूमितीचं पुस्तक होतं. ती त्याचं कव्हर तळहातानं चोळत होती. जोरात नाही. लहान मुलाची पाठ धुवावी तसं.

मला पाहून ती हसली. किती महिन्यांनी हसली होती.

"पाय रंजू, कशा चमकून राहिल्या तुह्या वह्या."

मी ओरडले. काय ओरडले ते सांगण्यासारखं नाही. शेजारच्या बायका दारात आल्या. बाबा पहिली पाळी संपवून आले आणि सायकल हातात धरून फाटकातच उभे राहिले. त्यांनी तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आईच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. ते तिच्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरीची दहावी आहे वं."

दोन दिवसांनी नागपूरजवळच्या वाडीचा मामा आला. अमरावती रोडवर एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो कारकून होता आणि तिथंच मागं भाड्याच्या दोन खोल्यांत मामीसोबत राहायचा. आईला दाखवायचं ते डॉक्टर शहरात होते. वाडीहून न्यायला-आणायला सोपं, मामी दिवसभर घरी, असं म्हणत तिला तिथं ठेवायचं मोठ्यांनी ठरवलं. पण खरं कारण घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते कारण मी होते. माझी परीक्षा.

निघताना आईनं हातात पिशवी घेतली. माझ्या टेबलापासून चार हात लांब थांबली.

"तुह्यी परीक्षा झाली की येईन मी," म्हणाली.

मी वही उतरवून काढत होते. मैत्रिणीकडून आणलेली. मी मान वर केली नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी स्वतःची म्हणून सांगायला मला सत्तावीस वर्षं लागली. आई गेल्यावर मला वाईट वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. ठेवलेलं पुस्तक ठेवलेल्या जागी सापडू लागलं. नळाचा आवाज बंद झाला. मी पोळ्या लाटायचे, नितूचा डबा भरायचे, आणि उरलेला सगळा वेळ अभ्यास करायचे. कुणी विचारलं तर, "आई मामाकडे गेली, मामीची तब्येत बरी नाही," असं सांगायचे. नितूकडूनही तेच पाठ करून घेतलं होतं. तो शहाण्यासारखं सांगायचा. रात्री उशी चावत झोपायचा, पण सांगायचा.

मग मार्च आला. मराठी झालं, हिंदी झालं, इंग्रजी झालं. गणिताच्या आदल्या दिवशी सुटी होती. बाबांची पहिली पाळी. साडेअकराच्या सुमारास बाबा सायकल दामटत घरी आले. पाळी सुटायला अजून वेळ होता. त्यांचा चेहरा कोळशानं काळा आणि घामानं रेषारेषांचा झाला होता.

"मामाचा फोन आला होता हापिसात," ते म्हणाले. "आई सकाळपासून घरात नाही. मी बस स्टॉपवर जाऊन पायतो. इकडचीच बस पकडली असन तिनं." मग पाणीसुद्धा न पिता वळले. फाटकातून परत मागे आले. "कडी लावून घे. मी येतपर्यंत दार उघडू नको."

"कोणालेच?" मी विचारलं.

"कोणालेच," बाबा म्हणाले.

त्यांना काय म्हणायचं होतं? पोरं घरात एकटी आहेत, कोणीही आलं तरी दार उघडू नये, एवढंच असणार. पण तो शब्द मी मागून घेतला होता. मी विचारलं नसतं तर ते तो बोलले नसते.

दुपारची कॉलनी सुनसान असते. पंखा फिरत होता. मी प्रमेय पाठ करत होते. नितू जमिनीवर बसून पाटीवर काहीतरी काढत होता. फाटक वाजलं. मग चपला वाजल्या. पण नेहमीसारख्या नाही, एकदा वाजे, एकदा घासे. दारावर थाप पडली. हलकी.

"रंजू."

मी पेन खाली ठेवलं.

"रंजू, दार उघड वं. मी आहे."

नितू उठला. त्याचं तोंड उघडलं, 'आ' निघाला आणि तेवढ्यात मी त्याला पकडलं. एका हातानं कमरेला, एका हातानं तोंडाला. त्याला मांडीवर दाबून बसले. तो लाथा मारत नव्हता. फक्त माझ्या तळहातात त्याचे दात रुतत होते.

"मी चांगली झाली वं आता," बाहेरून आई म्हणाली. मग, "रंजू, मी तुह्या पुस्तकाले हात नाही लावत. खरंच नाही लावत."

मी टेबलाकडे पाहत होते. टेबलावर हॉलतिकीट होतं, कंपासपेटी होती, दोन नवी पेनं होती. सगळं जिथल्या तिथं.

आणखी एक थाप. मग पुन्हा तो पायांचा आवाज, एकदा वाजे, एकदा घासे, आणि फाटक. मी हात काढला तेव्हा माझ्या तळहातावर अर्धगोल उमटला होता आणि त्यातून रक्त येत होतं. नितू माझ्याकडे न पाहता खाटेवर चढला. मी मोरीत जाऊन हात धुतला. परत आले आणि राहिलेलं प्रमेय पुरं केलं. हे लिहिताना माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही, पण मी ते पुरं केलं.

बाबा चारच्या पुढे आले. आई कॉलनीच्या पलीकडच्या थांब्याच्या शेडमध्ये बसलेली सापडली होती. बाबा बाजाराजवळच्या थांब्यावर वाट पाहत होते, ती आली दुसऱ्याच थांब्यावरून. तिला तसंच वाडीला पोचवून ते आले होते.

"घरी आलीच नव्हती," बाबा म्हणाले. "स्टॉपवरच बसून होती बिचारी. बरं झालं. तुह्या अभ्यासात खोळंबा नाही झाला."

नितू माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "हो."

या एका 'हो'वर आमचं घर पुढची सगळी वर्षं चाललं. बाबांना कधी कळलं नाही. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली. निकाल लागला तेव्हा त्यांनी साऱ्या कॉलनीत पेढे वाटले. आई जूनमध्ये घरी आली. बारीक झाली होती, हळू बोलायची, रोज सकाळ-संध्याकाळ डब्यातून गोळी काढून घ्यायची. धुणं एकदाच धुवायची. शेजारणींनी हळूहळू तिच्याकडे पाहायचं सोडलं आणि बोलायला सुरुवात केली. ती बरी झाली. खरंच बरी झाली. माझं लग्न तिनं उभं राहून केलं, माझ्या मुलीच्या वेळी माझं बाळंतपण केलं.

पण एक होतं. ती माझ्या पुस्तकांना कधी हात लावत नसे. जेवायला बोलवायला आली की टेबलापासून चार हातांवर थांबायची. मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, माझ्या घरात भिंतभर कपाट झालं, तरी तेच. धूळ पुसायला यायची, कपाटाच्या बाजूची भिंत पुसायची, खुर्ची पुसायची, कपाट सोडून द्यायची. दारापलीकडून तिनं काय कबूल केलं होतं ते मला माहीत होतं. ती ते पाळत होती. म्हणजे तिला आठवत होतं. म्हणजे आत मी होते हे तिला ठाऊक होतं. मी तिच्या त्या पुसण्याकडे पाहायचे आणि खोलीतून निघून जायचे.

नितूबद्दल काय सांगू? शिकला, पुण्याला गेला, तिकडेच संसार मांडला. दर आठवड्याला फोन करतो. आमच्यात भांडण कधीच झालं नाही. त्या दुपारबद्दल आम्ही एक शब्दही कधी बोललो नाही. माझ्या तळहातावरची खूण मात्र अजून आहे. मी राखी बांधल्यावर तो माझ्या हातावर ओवाळणी ठेवतो, पण तिकडे बघत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. शाळेत शिकवणाऱ्या बाईला कधी ना कधी ही हौस येते. एक मुलगी, तिची दहावी, तिची आजारी आई. राख, भोंगा, तारेवरच्या वह्या, सगळं लिहिलं. मामाच्या घरून आई निघून येते, दारावर थाप पडते. आणि मुलगी धावत जाऊन दार उघडते. आईला मिठी मारते. दोघी रडतात. मुलगी दुसऱ्या दिवशी पेपर देते, आई फाटकाशी उभी राहून तिला निरोप देते. ते प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं, आणि लिहिताना इतकी रडले की नवऱ्यानं चहा करून आणला. मला वाटलं, झालं. संपलं. जे दार उघडायचं राहिलं होतं ते मी उघडलं.

त्या पुस्तकात भाऊ नाही.

नितूनं पुस्तक वाचलं आणि फोन केला. छान झालंय म्हणाला.

"ताई, मी कुठाय गं त्यात?"

"अरे, मुलांच्या पुस्तकात फार माणसं झाली की गोंधळ होतो," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.

आईनं पुस्तक वाचलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला, बारीक अक्षर दिसत नाही, असं तिचं म्हणणं. पण आल्यागेल्याला दाखवते. "आमच्या रंजूनं लिवलं." माझ्या पुस्तकांपैकी तेवढं एकच ती हातात घेते. ती ते उघडत नाही याचा मला आनंद होता, हे कबूल करते.

या फेब्रुवारीत शाळेच्या ग्रंथालयाच्या तासाला सातवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. तन्वी. शेवटच्या बाकावर बसते, फारशी बोलत नाही. हातात माझं पुस्तक होतं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार ना."

"ही मुलगी पूर्ण पुस्तकात घाबरते. शेजारच्यांना खोटं सांगते. आई गेली तर तिला बरंच वाटते. मग तिनं एकदम दार कसं उघडलं?"

"आईची हाक आली ना," मी म्हटलं. "प्रेम असतं ना."

तन्वीनं जरा विचार केला. "मला नाही खरं वाटलं ते पान," ती म्हणाली. "माझी आई पण आजारी राहते. मी नसतं उघडलं." आणि मग एकदम घाबरली, कारण ती काय बोलून गेली ते तिच्या लक्षात आलं. पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून ती पळाली.

त्या दिवशी मी उरलेले तास कसे घेतले ते मला ठाऊक नाही. माझ्या पुस्तकानं त्या पोरीला काय सांगितलं होतं? की जिच्या मनात आईबद्दल भीती आहे, राग आहे, ती सुद्धा शेवटी धावत जाऊन दार उघडते. आणि जी उघडत नाही, तिच्यासाठी पुस्तकात जागा नाही. जशी नितूसाठी नव्हती. मी तन्वीला नंतर बोलावलं, तिच्या आईची चौकशी केली, आमच्या समुपदेशक बाईंकडे तिला घेऊन गेले. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. ते आधी दुसऱ्या कोणाला तरी द्यायचं होतं.

गेल्या रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो. तीन दिवस गहू भिजत होते, पहाटे चीक शिजवून झाला होता. आई सत्तरीची आहे, पण कुरडईचा साचा दुसऱ्याच्या हातात देत नाही. प्लास्टिकचा कागद पसरून ती एकेक कुरडई घालत होती. मी तिला चीक भरून देत होते. ऊन अजून सुसह्य होतं.

"आई, पुस्तकात मी एक गोष्ट खोटी लिवली," मी म्हटलं.

"पुस्तकात खोटंच राहते ना वं."

"त्यातली पोरगी दार उघडते. मी नव्हतं उघडलं."

"कोणतं दार?"

मी सांगितलं. फाटक वाजलं तिथपासून सांगितलं. ती काय काय बोलली ते शब्दाला शब्द सांगितलं, कारण मला ते शब्दाला शब्द पाठ आहे. सांगताना मी तिच्याकडे पाहत नव्हते. कुरडईचं वेटोळं अर्ध्यावर थांबलं तेव्हा मी मान वर केली.

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आश्चर्य होतं.

"मी आली होती? कोराडीले?"

"हो."

"वाडीहून? एकटी? म्हंजे बर्डीवर बस बदलली असन मी." ती साचा मांडीवर घेऊन बसली. "मले तो पुरा उन्हाळाच नाही आठवत वं. भाऊच्या घरचा पंखा कटकट आवाज करे, तेवढं आठवते. मंग एकदम तू पेढा देऊन राहिली, ते आठवते. मधलं काहीच नाही."

सत्तावीस वर्षं मी ज्या गोष्टीची शिक्षा भोगत होते, ती गोष्ट तिच्याकडे नव्हतीच.

"पण मंग तू माह्या पुस्तकाले हात काहून नाही लावत?"

"तुह्या बाबानं सांगतलं होतं ना. घरी आणलं तवाच सांगतलं. रंजूच्या पुस्तकाले हात नको लावू म्हणून. पोरगी घाबरते म्हणे." ती जरा हसली. "मी काय काय केलं असन तुह्या पुस्तकाचं, मले काय माहीत. म्हून नाही लावत."

मग ती मला विचारू लागली. तिच्या स्वतःबद्दल, पण शेजारच्या कोण्या बाईची हकीकत ऐकावी तसं. किती वाजले होते? ऊन फार होतं काय? किती वेळ उभी होती मी? मोठ्यानं बोलत होती का हळू?

"चप्पल होती काय पायात?"

"मी पायलं नाही."

"काहून?"

"मी खिडकीपाशी गेलीच नाही, आई."

खाली गल्लीतून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. ती बराच वेळ गच्चीच्या कठड्याकडे पाहत होती.

"बिचारी," ती म्हणाली. त्या बाहेरच्या बाईला म्हणाली, हे मला स्पष्ट कळलं. मग माझ्याकडे वळली. "दार नाही उघडलं ते नाही उघडलं. लहान होती तू. पण खिडकीतून पाणी तरी द्यायचं होतं वं रंजू. मार्चचं ऊन राहते."

मी इतकी वर्षं मनात माफीची वाक्यं घोळवत आले होते. तिच्या या बोलण्यापुढं त्यांतलं एकही उभं राहिलं नाही.

"हो," मी म्हटलं. "द्यायले पायजे होतं."

"आणि नितू? तो शाळेत होता काय?"

"घरातच होता. तो हाक मारून राहिला होता तुले. मी त्याचं तोंड दाबून धरलं होतं."

आईचे हात चिकानं माखलेले होते. ते तिनं तसेच वर धरले.

"फोन लाव त्याले," ती म्हणाली. "मले त्याच्याशी बोलाचं आहे."

तिला फोन धरता येत नव्हता. मी तो तिच्या कानाशी धरून उभी राहिले, त्यामुळे त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काय गा नितू," आई म्हणाली. "मी कोराडीले आली होती तवा तू घरात होता म्हणे. मले हाक मारून राहिला होता."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. दार लावल्याचा आवाज आला.

"ताईनं सांगितलं?"

"हो. मले काही आठवत नाही बाबू. रंजूनं पायलं नाही म्हणते. तू पायलं काय मले? चप्पल होती काय माह्या पायात?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"एका पायात होती," नितू म्हणाला. "एक हातात होती. पट्टा तुटला असेल. ताईनं सोडल्यावर मी खाटेवर चढलो होतो. खिडकीतून दिसत होतीस तू. हिरवं लुगडं होतं."

"मंग?"

"तू फाटकाबाहेर थांबलीस. वळून खिडकीकडे पाहिलंस."

"मंग?"

"मी खाली बसलो, आई." आमचा नितू पस्तीस वर्षांचा आहे, त्याला स्वतःची शाळेत जाणारी पोरं आहेत, पण तो आवाज खाटेवरच्या नितूचा होता. "ताईनं तर सोडलं होतं मला. मी हाक मारू शकत होतो. हात करू शकत होतो. मी खाली बसलो. तू मला पाहिलंस की नाही, एवढंच मला..."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दुपारचं सगळं ओझं एकट्या माझ्याकडे आहे. त्यानं त्याचं वेगळं जपून ठेवलं होतं, मला कधी दाखवलंही नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"नाही आठवत रे," आई म्हणाली. "आठवत असतं तर सांगतलं असतं. खोटं कायले सांगू." ती थांबली. तिचे डोळे कोरडे होते. माझेच वाहत होते. "तू ये इकडं. पोरायची परीक्षा झाली की ये. तिघंही बसू. मले सांगा सारं, काय काय झालं ते. मले माहीत तर पायजे."

"येतो," नितू म्हणाला. "सुटी टाकतो. याच महिन्यात येतो."

"सकाळी उतरशील अशी गाडी पाय," आई म्हणाली. "दुपारचा नको येऊ. ऊन फार राहते."

"हो आई."

एवढं बोलून तिचं बोलणं संपलं होतं. पण तिनं कान फोनपासून बाजूला घेतला नाही, आणि पलीकडून त्यानंही फोन ठेवला नाही. माझा हात भरून आला होता. मी तो तसाच धरून उभी राहिले.